वाघ, बिबट्या, चित्ता आणि त्यांचं गणगोत: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उसाला कोयता लागला की शाहूवाडी-पन्हाळ्यापासून चंदगड-आजऱ्यापर्यंत एकच निरोप फिरायला लागतो: "शिवारात वाघ आलाय." हा वाघ बहुतेक वेळा बिबट्या निघतो. कधी तरस निघतं, तर कधी नुसतं रानमांजर. म्हणून सुरुवात नावांपासून केली आहे. कुठलं जनावर आहे ते नक्की झालं की पुढं काय करायचं ते ठरवणं सोपं जातं.

मोठी मांजरं नक्की किती? कुणी पाच म्हणतं, कुणी सात.

दोन्ही बरोबर. मार्जार कुळात चाळीसच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या 'पँथेरा' या प्रजातीत पाच येतात: वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या. शास्त्राच्या काटेकोर हिशेबानं मोठी मांजरं एवढीच. चित्ता आणि प्यूमा अंगानं मोठे असले तरी नात्यानं घरच्या मांजराला जास्त जवळचे आहेत. पण संवर्धनाच्या कामात त्यांनाही धरतात. भारतानं ९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूरला 'इंटरनॅशनल बिग कॅट अलायन्स' जाहीर केला, त्यात हे सातही आहेत. सातांपैकी पाच आज भारतात आहेत. जग्वार आणि प्यूमा फक्त अमेरिका खंडांत सापडतात.

डरकाळी फोडतं ते मोठं मांजर, हे खरं का?

अर्धवट खरं. वाघ, सिंह, बिबट्या आणि जग्वार डरकाळी फोडतात, हिमबिबट्या फोडत नाही. पूर्वी याचं कारण जिभेच्या मुळाशी असलेल्या लवचीक हाडात शोधत. पण तसंच हाड हिमबिबट्यालाही आहे, तेव्हा तेवढ्यावर भागत नाही. खरी करामत घशातल्या स्वरतंतूंची. वाघ-सिंहाचे स्वरतंतू जाड आणि कडेला चपटे असल्यानं थोड्या हवेतही जोरात थरथरतात. सिंहाची डरकाळी शांत रात्री आठेक किलोमीटरवर ऐकू जाते. चित्ता मात्र घरच्या मांजरासारखा घुरघुरतो, आणि पिल्लांना हाक मारताना पाखरासारखा चिवचिवतो!

शेतावर राखणीला जाणाऱ्यानं बिबट्याचा आवाज ओळखता आला पाहिजे. तो सिनेमातल्यासारखा गर्जत नाही. जाड लाकडावर करवत मागं-पुढं ओढावी तसा 'खर्र-खर्र, खर्र-खर्र' असा घोगरा आवाज काढतो, एका दमात दहा-पंधरा वेळा. असा आवाज आला तर तो आपली हद्द सांगतोय किंवा जोडीदाराला हाक मारतोय असं समजावं.

आमच्याकडं सगळ्यालाच 'वाघरू' म्हणतात. मग ओळखायचं कसं?

अंगावरच्या खुणांवरून. बाकी सगळं अंधारात फसवतं.

वाघाच्या अंगावर उभे काळे पट्टे असतात. आपल्याकडचा पट्टेरी वाघ किंवा ढाण्या वाघ तो हाच. पट्टे फक्त केसांवर नसतात, केस भादरले तर खाली कातडीवरही तीच नक्षी दिसते. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर पाकळ्या गोल मांडल्यासारखी काळी फुलं असतात. फुलाचा मधला भाग मोकळा, पाय आणि डोक्यावर मात्र भरीव ठिपके. जग्वारची फुलं मोठी, आणि त्यांच्या मधे एखाद-दुसरा बारीक ठिपका असतो. चित्त्याला फुलं नसतात. शाईत बोट बुडवून उमटवावेत तसे सुटे, भरीव ठिपके असतात, आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ उतरते. ही रेघ दिसली नाही तर तो चित्ता नव्हे.

"अमुक गावात चित्ता दिसला" ही बातमी आपल्या भागातून आली की ती बिबट्याची आहे असं खुशाल समजा. भारतात मोकळे चित्ते आहेत ते मध्य प्रदेशात, कुनो राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास. ते गगनबावड्याला येत नाहीत.

कुणाचं वजन किती?

साखरेच्या पन्नास किलोच्या पोत्यानं मोजू. वाढ झालेला नर वाघ साधारण १८० ते २६० किलोचा, म्हणजे चार-पाच पोती. वाघीण १०० ते १६०. गीरचा नर सिंह १६० ते १९०, म्हणजे वाघापेक्षा थोडा हलकाच. नर बिबट्या ५० ते ७० किलो, सव्वा पोतं धरा. मादी ३० ते ४५, पोत्याहून कमी. लोकांनी सांगितलेला बिबट्या नेहमी याच्या दुप्पट असतो, कारण भीतीला वजनकाटा नसतो. चित्ता ३५ ते ६० किलोचा पण काटकुळा. जग्वार उंचीनं कमी, पण अंगानं भरलेला, नर बऱ्याचदा शंभर किलोपर्यंत जातो.

कोल्हापुरात खरंच चित्ते होते?

होते, पण रानातले नव्हे. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि ही शिकार छत्रपतींच्या दरबारचा मोठा शौक होता. पद्धत अशी: चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीवर बसवायचं आणि गाडी काळविटांच्या कळपाजवळ न्यायची. बैलगाडीला काळवीट फारसं बुजत नाही. मग टोपी काढायची. चित्ता दोन-तीनशे मीटरांत काळवीट गाठे किंवा सोडून देई. त्यापुढं त्याचा दम टिकत नाही. शिकार झाली की चित्तेवान त्याला त्याचा वाटा देऊन पुन्हा टोपी चढवी.

देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानानं आफ्रिकेतून चित्ते मागवले. टंचाईचं कारण त्या शौकातच होतं. त्या काळी चित्ता बंदिवासात विणत नव्हता म्हटलं तरी चालेल. मुघलांच्या पदरी हजारो चित्ते असताना पिल्लं झाल्याची नोंद आहे ती जहांगीरच्या काळातली एकुलती एक. त्यामुळं पाळायचा प्रत्येक चित्ता रानातून धरावा लागे. त्यात माळरानं नांगराखाली गेली. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, आणि १९५२ मध्ये भारतानं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोत आले. पुढं त्यांना तिथं पिल्लंही झाली.

मग कोल्हापूर जिल्ह्यात आज वाघ आहे का?

आहे, पण मोजका. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर, आणि ते कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलंय. गोवा-कर्नाटकाच्या रानातून तिलारी, आंबोली, राधानगरी असा घाटमाथा धरून वाघ वर सरकतात. कॅमेऱ्यात ते अधूनमधूनच सापडले. २०२५ च्या अखेरीस ताडोब्यातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्याचं काम सुरू झालं.

एवढं रान असून वाघ कमी का, हा पुढचा प्रश्न येतोच. वाघाला आठवड्याला साधारण एक मोठं जनावर लागतं, वर्षाला पन्नासच्या आसपास. सह्याद्रीचं दाट, सदाहरित रान दिसायला हिरवंगार, पण खाली गवत कमी. गवत कमी म्हणून सांबर-चितळ कमी. राधानगरी-दाजीपूरला गवा भरपूर आहे, पण पूर्ण वाढलेला नर गवा ८००-९०० किलोचा असतो. त्याला पाडणं रोजचं काम नव्हे, वाघ बहुतेक वासरं आणि माद्या निवडतो. म्हणून खाद्य वाढवणं आणि राधानगरी ते चांदोली हा पट्टा तुटू न देणं, ही दोन कामं आधी. नुसते वाघ आणून सोडले तर ते चालत निघून जातील.

काळा वाघ, ब्लॅक पँथर, ही वेगळी जात आहे का?

नाही. तो काळा बिबट्याच. एकाच वेताला एक पिल्लू काळं आणि एक पिवळं होऊ शकतं. उन्हात नीट पाहिलं तर काळ्या अंगावरही फुलं दिसतात. घाटमाथ्यावरच्या दाट, ओल्या रानात असे बिबटे जास्त सापडतात. अमेरिकेत 'ब्लॅक पँथर' म्हणजे काळा जग्वार. पांढरा वाघही वेगळी जात नाही. १९५१ मध्ये रीवा इथं धरलेल्या 'मोहन' नावाच्या पांढऱ्या बछड्याच्याच वंशातले बहुतेक पांढरे वाघ प्राणिसंग्रहालयांत आहेत. जवळच्या नात्यात वीण करत गेल्यानं त्यांच्यात तिरळेपणासारखे दोष दिसतात.

पायाचा ठसा कसा वाचायचा?

ओल्या पाणंदीत किंवा पाटाच्या कडेला ठसा चांगला उठतो. आधी नखं पाहा. बोटांपुढं नखांचे टोकदार ठसे असतील तर कुत्रं, कोल्हा किंवा तरस. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. चित्त्याचीच काय ती पूर्ण आत जात नाहीत. मग मागची गादी पाहा: मांजरवर्गात तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे असतात.

आता माप. ठशाची रुंदी चहाच्या बशीएवढी, म्हणजे १२ ते १५ सेंटिमीटर भरली तर वाघ. कपाच्या तोंडाएवढी, म्हणजे ७ ते ९ भरली तर बिबट्या. ४-५ सेंटिमीटर असेल तर रानमांजर. नराचा ठसा चौकोनी वाटतो, मादीचा लांबट आणि बोटं जरा निमुळती.

चूक होते ती इथं: पातळ चिखलात ठसा पसरून दीडपट दिसतो. मागचा पाय पुढच्या ठशावर पडला की बोटं सहा-सात दिसतात. एका ठशावर निकाल देऊ नका, ओळीनं चार-पाच बघा. शेजारी पट्टी किंवा काड्याची पेटी ठेवून सरळ वरून फोटो काढा. तिरक्या फोटोवरून माप निघत नाही.

ऊस तोडताना पिल्लं सापडली तर?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बिबट्याची मादी साधारण तीन महिन्यांत विते, एका वेळी दोन-तीन पिल्लं. उभा ऊस तिला रानासारखाच: दाट, गार, पाणी जवळ, कुत्री-डुकरं हाताशी. पिल्लं सरीत ठेवून ती शिकारीला जाते. म्हणजे सापडलेली पिल्लं 'टाकलेली' नसतात.

आधी ती बिबट्याचीच आहेत का ते दुरून पाहा. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर दाट ठिपके आणि जाड पंजे असतात. रानमांजराची पिल्लं मातकट, फिकट पट्ट्यांची आणि अंगानं बारीक असतात. अशी पिल्लं लोक 'बछडे' म्हणून घरी नेतात, गाईचं दूध पाजतात आणि हगवणीनं ती मरतात.

बिबट्याची असतील तर त्या बाजूची तोड लगेच थांबवा आणि टोळी मागं घ्या. मुलं आधी. पिल्लांना हात लावू नका, जागा बदलू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून गाव, गट आणि शेताची खूण सांगा. पिल्लांभोवतीचा ऊस तसाच उभा ठेवा. सगळं रान मोकळं केलं तर मादीला दबून यायला जागाच उरत नाही. वनविभागाचे लोक आणि डॉक्टर पिल्लं तपासतात आणि दिवस मावळताना ती सापडली त्याच जागी उघड्या तोंडाच्या क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावून सगळे निघून जातात. मादी बहुतेक त्याच रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात.

माणसाचा वास लागला की आई पिल्लं घेत नाही, हा समज चुकीचा आहे. बेत फिसकटतो तो गर्दीनं: बांधावर ट्रॅक्टरचे दिवे, मोबाइल घेऊन शंभर माणसं, रात्री दहापर्यंत गलका. त्याहून वाईट म्हणजे पिल्लं दुसऱ्या गावी नेणं. मग मादी चार-पाच दिवस त्याच वस्तीभोवती पिल्लं शोधत फिरते, आणि तेव्हाच माणसावर धावून यायचा धोका सर्वांत जास्त असतो.

बिबट्या विहिरीत पडला. दोर सोडू का?

नुसता दोर नको. चारी कोपऱ्यांना दोर बांधून बाज खाली सोडा, नाहीतर ट्रकचा मोठा टायर किंवा लाकडाचा ओंडका सोडा. बिबट्याला पोहता येतं, पण गुळगुळीत कातळाला नखं लागत नाहीत, आणि तो दमून बुडतो. बसायला आधार मिळाला की तो शांत होतो. पुढं पिंजरा सोडायचं काम वनविभागाचं. लोकांना काठापासून लांब ठेवा, कारण काही वेळा तो बाजेवरून उडी मारून थेट वर येतो. विहिरीला तीन फुटी कठडा असता तर ही वेळ बहुधा आली नसती.

वस्तीवर बिबट्या फिरतोय. पिंजरा लावून लांब सोडत का नाहीत?

कारण त्यानं भागत नाही. एक नेला की त्याची हद्द मोकळी होते आणि दुसरा येतो, बऱ्याचदा कोवळा, भागाची माहिती नसलेला. नेलेला बिबट्या अनोळखी मुलखात बिथरतो. जुन्नर भागात २००१ नंतर पुष्कळ बिबटे धरून दुसरीकडे सोडले गेले, तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, अगदी सोडलेल्या ठिकाणांजवळही. माणसावर ठरवून हल्ले करणारा बिबट्या असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. नुसता दिसला म्हणून नव्हे.

वस्तीवर करण्यासारखं असं: बिबट्या सावज त्याच्या उंचीवरून जोखतो. उभा माणूस त्याला सावज वाटत नाही, वाकलेला किंवा बसलेला वाटतो. म्हणून अंधारात उघड्यावर शौचाला बसणं, वाकून गवत कापणं आणि लहान मुलानं एकटं फिरणं या तीन वेळा धोक्याच्या. रात्री पाणी पाजायला दोघांनी जा, मोठ्यानं बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून, हातात काठी आणि बॅटरी घेऊन. समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. हात वर करून ओरडत सावकाश मागं सरका.

गोठ्याला नुसती भिंत पुरत नाही, सहा फूट तो सहज चढतो. शेळ्यांच्या खोपटाला वरूनही जाळी हवी, दाराला खालून फट नको. आणि वस्तीजवळ कोंबडीच्या दुकानाची घाण टाकू नका. घाणीवर कुत्री येतात, कुत्र्यांवर बिबट्या.

शेळी मारली. भरपाई कशी मिळते?

मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका. आधी फोटो काढा. वनरक्षकाला, नाहीतर पोलीस पाटील किंवा सरपंचांमार्फत वनविभागाला ४८ तासांच्या आत कळवा. मग पंचनामा होतो, पशुवैद्यकीय अधिकारी तपासतात आणि रक्कम बँक खात्यात जमा होते. पंचनाम्याआधी जनावर पुरणं, हे दावा फेटाळला जायचं नेहमीचं कारण.

पंचनाम्यात काय पाहतात? बिबट्यानं मारलं असेल तर नरड्याशी सुळ्यांची खोल भोकं असतात आणि खायला सुरुवात पोटाकडून किंवा छातीकडून झालेली असते. वाघ बहुधा मागच्या मांडीकडून खातो. पायांना, शेपटीला, जागोजागी ओरबाडल्यासारखे चावे असतील तर ती भटकी कुत्री. रागाच्या भरात मढ्यावर विष टाकणं हा गुन्हा आहे. त्यानं बिबट्याबरोबर गावातली कुत्री आणि कोल्हेही मरतात.

आजोबांच्या गळ्यातलं वाघनख घरात आहे. चालतं का?

मालकी प्रमाणपत्र नसेल तर नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. नख, दात, कातडं बाळगणं, विकणं किंवा विकत घेणं, सगळंच त्यात गुन्हा ठरतं. बाजारात 'अस्सल' म्हणून मिळणारी बरीचशी नखं शिंग किंवा हाड घासून केलेली असतात. फसवणूकही आणि भानगडही.

सिंह आणि वाघाची झुंज लावली तर कोण जिंकेल?

रानात ती लागतच नाही. भारतातले सिंह फक्त गुजरातेत, गीर आणि आसपास. २०२० ला ६७४ होते, २०२५ च्या मोजणीत ८९१. तिथं वाघ वस्तीला नाही. सिंह कळपात राहतो, वाघ एकटा. एवढ्यावर थांबू.

वाघ मोजतात कसे?

पूर्वी ठशांवरून मोजत, त्यात एकच वाघ दोनदा धरला जाई. आता रानाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, गुडघ्याच्या उंचीवर. दोन का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू टिपली तर एका वाघाचे दोन होतात. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ निघाले, महाराष्ट्रात ४४४. बिबटे देशात १३,८७४, महाराष्ट्रात १,९८५. हिमालयातल्या हिमबिबट्यांची पहिली देशव्यापी मोजणी २०२४ मध्ये जाहीर झाली: ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये.

कोल्हापुरातून बघायला कुठं जावं?

चांदोली-राधानगरीला रान बघायला जा, वाघ बघायला नको. निराश व्हाल. वाघासाठी ताडोबा. महाराष्ट्र एक्सप्रेसनं वर्धा किंवा नागपूर गाठून पुढं गाडी. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतं. मार्च ते मे उकाडा असह्य, पण पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता तेव्हाच जास्त. मुलांना आधी जवळचं दाखवायचं असेल तर पुण्यात कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहे. आणि शहरातच हवं असेल तर न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत. काचेपाशी उभं राहून एका कुशीवरचे पट्टे मोजा, मग फिरून दुसऱ्या बाजूचे मोजा.